इंजिनाच्या घशात अडकलेला वारा

श्रावण सरत आला की गुहागरात वरच्या पाटापासून खालच्या पाटापर्यंत घरोघरी दोन कामे एकदमच निघतात. एक गणपतीच्या मखराची जुळवाजुळव आणि दुसरे म्हणजे पावसाळाभर ताडपत्रीखाली झाकून ठेवलेली गाडी बाहेर काढणे. पहिले काम वेळेवर होते. दुसऱ्याचा काही भरवसा नसतो. ताडपत्री निघते, काचा पुसल्या जातात, किल्ली फिरते, स्टार्टर घुरघुरतो आणि गाडी ढिम्म! ती डिझेलवरची असली, तर पाच मिनिटांत आळीतले चार जण गोळा होतात आणि चार निदाने होतात. एक म्हणतो बॅटरी, दुसरा म्हणतो नोझल, तिसरा थेट पंपावर बोट ठेवतो आणि चौथा ‘विकून टाका आता’ असे सांगून चहाची वाट बघत बसतो.

यांतले एखादे निदान बरोबरही असेल. पण ते कोणत्या क्रमाने पडताळून पाहायचे, यावर खर्च पन्नास रुपये होणार की पन्नास हजार, हे ठरत असते. डिझेल गाडीच्या दुखण्याचे सगळे मर्म या क्रमात आहे.

माझी उमेद बँकेच्या खातेवह्यांत गेली. संगणक यायच्या आधी सहामाही ताळेबंदाच्या वेळी जमा आणि खर्च यांचा मेळ बसला नाही की अख्खी शाखा रात्री जागवायची. पण फरक शोधायची एक रीत होती. फरकाच्या आकड्याला नऊने भाग गेला तर समजावे, कोणी तरी ६३ च्या जागी ३६ लिहिले आहेत. फरकाच्या निम्म्या रकमेची नोंद सापडली तर समजावे, ती जमेऐवजी नावे पडली आहे. चूक कुठे आहे हे कळण्याआधी ती कोणत्या जातीची आहे हे आकडाच सांगत असे. डिझेल इंजिनही असेच बोलके असते. त्याचा धूर, आवाज आणि बंद पडण्याची वेळ, या त्याच्या नऊने भाग जाणाऱ्या खुणा.

आधी हे यंत्र चालते कसे, ते पाहू. पॅरिसमध्ये जन्मलेल्या रुडॉल्फ डिझेल या जर्मन अभियंत्याने १८९२ साली आपल्या कल्पनेच्या पेटंटसाठी अर्ज केला आणि १८९७ मध्ये आउग्सबुर्ग येथे त्याचे इंजिन नीट चालले. कल्पना अशी, की इंधन पेटवायला ठिणगी कशाला हवी? सायकलला हवा भरताना पंपाचे नळकांडे तापते, हे आपण सर्वांनी अनुभवले आहे. तीच हवा पंधरा ते वीस पट दाबली की ती पाचशे अंशांच्या वर तापते आणि तीत डिझेलची बारीक फवार सोडली की ती आपोआप पेट घेते. म्हणजे या इंजिनाला हव्यात तीन गोष्टी : भरपूर हवा, चांगला दाब आणि ऐन वेळी नेमके मोजून दिलेले डिझेल. पहिल्या दोन सहसा एका रात्रीत बिघडत नाहीत. तिसरी मात्र बिघडते, आणि तीच आपल्या आजच्या लेखाची नायिका.

‘नेमके मोजून’ म्हणजे किती, याचा हिशेब करायचा मोह मला आवरत नाही. समजा, चार सिलिंडरची एखादी गाडी ताशी ६० किलोमीटर वेगाने चालली आहे आणि लिटरला २० किलोमीटर देते. म्हणजे तासाला ३ लिटर डिझेल. इंजिन मिनिटाला २००० फेरे घेत असेल, तर दर दोन फेऱ्यांत प्रत्येक सिलिंडरला एकदा या हिशेबाने मिनिटाला ४००० आणि तासाला २ लाख ४० हजार वेळा डिझेल आत सोडले जाते. एका लिटरचे ८० हजार वाटे! औषधाच्या ड्रॉपरमधून पडणाऱ्या थेंबाचा साधारण पाव भाग, तो एक वाटा. हे काम करणाऱ्या पंपाच्या दट्ट्यात आणि त्याच्या नळीत दोन-तीन मायक्रॉन एवढीच फट असते. आपल्या डोक्यावरचा केस सुमारे सत्तर मायक्रॉन जाडीचा असतो. पंपाला वेगळे वंगण नसते, त्यातून जाणारे डिझेलच त्याचे वंगण. अशा यंत्रात पाण्याचा थेंब, गंजाचा कण किंवा हवेचा बुडबुडा शिरला तर काय होईल?

बॉशने १९२७ साली असे पंप कारखान्यात मोठ्या प्रमाणावर करायला सुरुवात केली, तेव्हापासून डिझेल इंजिन गिरणीतून आणि बोटीतून रस्त्यावर आले. आपल्याकडे किर्लोस्करांनी १९४६ साली पुण्याजवळ खडकीला ऑइल इंजिनांचा कारखाना सुरू केला आणि शेतकऱ्याच्या विहिरीवर डिझेलचा आवाज घुमू लागला. १९५१ मध्ये बंगळुरूला मायको निघाली. पुढे नाशिकलाही तिचा कारखाना झाला. १९९४ साली टाटांची सुमो आली, १९९८ च्या डिसेंबरात इंडिका आली, आणि डिझेलची गाडी मध्यमवर्गीयाच्या दारात उभी राहिली. डिझेलचा भाव तेव्हा सरकार ठरवत असे आणि तो पेट्रोलपेक्षा बराच कमी असे. ऑक्टोबर २०१४ मध्ये ते नियंत्रण उठले आणि दोन्हींतले अंतर कमी झाले. एप्रिल २०२० पासून ‘बीएस-६’ नियम आले, तेव्हा मारुतीने डिझेल गाड्या बंदच केल्या. तरीही कोकणातल्या घाटरस्त्यांवर आजही डिझेलच्या जुन्या गाड्या मोठ्या निष्ठेने धावताहेत. वडापची जीप, मासळीचा टेम्पो, आंब्याच्या पेट्या नेणारी पिकअप, यांच्या मालकांची वाहनकर्जे माझ्या टेबलावरून गेलेली आहेत. गाडी चार दिवस उभी राहिली की पाचव्या दिवशी हप्ता थकतो, हे मी खातेवहीतून पाहिले आहे.

आता डिझेलचा प्रवास बघा. टाकी, टाकीतली जाळी, तिथून रबरी आणि धातूच्या नळ्या, फीड पंप, फिल्टर, मग मुख्य पंप, त्यातून जाडजूड पोलादी नळ्या आणि शेवटी नोझल. उरलेले डिझेल परतीच्या नळीने पुन्हा टाकीत. या वाटेवरचे सामान टाकीपासून नोझलकडे जाताना महाग होत जाते, आणि दोष मात्र बहुधा टाकीच्या बाजूलाच जास्त असतात. म्हणून शोधाची सुरुवात स्वस्त टोकाकडून करावी. हा साधा नियम न पाळल्यामुळे कितीतरी चांगले पंप विनाकारण खोलले गेले आहेत.

शृंगारतळीच्या बाजूला एका जुन्या मेस्त्र्याचे काम मी एकदा दोन तास बसून पाहिले. घाटात बंद पडलेली एक जीप ओढून आणली होती. मालक ‘पंप गेला, पंप गेला’ म्हणून कपाळाला हात लावून बसलेला. मेस्त्र्याने पाना हातात घेतलाच नाही. आधी टाकीचे झाकण उघडून वास घेतला, मग नळीवरून बोट फिरवत फिल्टरपर्यंत आला आणि माझ्याकडे वळून म्हणाला, “साहेब, इंजिनाला काय पन झालेला नाय. त्याच्या घशात वारा अडकलाय.”

मी विचारले, “मेस्त्री, हे न खोलता कसे कळले?”

“नळीची क्लिप ढिली हाय. डिझेल भायेर पडत नाय म्हनून कोनाला दिसत नाय. ह्या बाजूला इंजिन वढून घेता ना, मग भोकातून डिझेल भायेर कशाला येईल? वारा आत जातो.”

एखाद्या पाठ्यपुस्तकाने पानभर लिहावे ते त्याने चार वाक्यांत सांगितले. जुन्या गाड्यांत टाकीपासून फीड पंपापर्यंतची नळी ओढीची असते. तिथे चीर गेली तर डिझेल गळत नाही, हवा शिरते. द्रव दाबला जात नाही, पण हवा दाबली जाते. मग पंपाने कितीही जोर लावला तरी तो जोर बुडबुडा दाबण्यात खर्ची पडतो आणि नोझल उघडतच नाही. सकाळी गाडी सुरू व्हायला त्रास देते, पण एकदा सुरू झाली की दिवसभर ठीक चालते, ही बहुधा याच दोषाची खूण. रात्रभरात नळीतले डिझेल मागे टाकीत उतरून गेलेले असते.

आता घरच्या माणसाने, पाना न उचलता, काय पाहावे ते क्रमाने सांगतो.

पहिले, टाकीत डिझेल आहे ना? हसू नका. काट्याचा तरंगता गोळा अडकला की काटा अर्ध्यावर उभा राहून खुशाल खोटे बोलतो. दुसरे, बॅटरी. डिझेल इंजिन जोरात फिरले तरच हवा पुरेशी तापते. स्टार्टर रडत रडत फिरत असेल तर इंधनाला दोष देऊ नये. तिसरे, सायलेन्सरकडे एका माणसाला उभे करा. इंजिन चांगले फिरते आहे आणि तरीही धुराचा लवलेश नाही, याचा अर्थ डिझेल आत पोहोचतच नाही. पांढरा, डोळ्यांना झोंबणारा धूर येतो पण गाडी पेट घेत नाही, याचा अर्थ डिझेल पोहोचते पण जळत नाही. मग हीटर प्लग, टायमिंग किंवा दाब यांच्याकडे वळावे. चालत्या गाडीचा धूर काळा असेल तर डिझेल जास्त किंवा हवा कमी. अशा वेळी नोझलला हात लावण्याआधी एअर फिल्टर उघडून पाहावा. निळसर धूर असेल तर इंजिन ऑइल जळते आहे. ते दुखणे वेगळे.

चौथे, गाडी सपाटीवर चालते पण चढावर दम सोडते, तर फिल्टर तुंबला असण्याची शक्यता सर्वांत मोठी. पाचवे, दहा-पंधरा किलोमीटर गेल्यावर बंद पडते, थोडी थांबली की पुन्हा चालू होते, असे असेल तर टाकीचे झाकण उघडून पाहा. झाकण उघडताना ‘फुस्स’ करून हवा आत ओढली गेली, तर टाकीचे श्वास घेण्याचे भोक बुजले आहे. जेवढे डिझेल बाहेर जाते तेवढी हवा आत यायला हवी. ती आली नाही की टाकीच डिझेल धरून ठेवते.

हवा धरली असेल तर जुन्या गाड्यांत ती काढणे अवघड नाही. फिल्टरच्या डोक्यावरचा हवा काढायचा स्क्रू दोन आटे ढिला करायचा, खाली फडके धरायचे आणि हाताचा प्रायमर दाबत राहायचे. आधी फेस येतो, मग बुडबुडे, मग काचेसारखी अखंड धार. धार आली की दाबता दाबताच स्क्रू आवळायचा. स्टार्टर एका वेळी दहा-पंधरा सेकंदांहून जास्त मारू नये, मध्ये त्याला विसावा द्यावा. पण हवा काढली म्हणजे काम संपले नाही. ती कुठून शिरली ते सापडले नाही, तर उद्या सकाळी ती पुन्हा हजर. यासाठी मेस्त्री लोकांची एक छान युक्ती आहे : फिल्टरच्या आधी वीतभर पारदर्शक नळी बसवतात आणि बुडबुडे डोळ्यांनी पाहतात. किंवा गाडीची टाकी बाजूला ठेवून स्वच्छ कॅनमधून थेट फीड पंपाला डिझेल देतात. गाडी नीट चालली, तर दोष टाकी आणि नळीत. नाही चालली, तर पुढे. एका चाचणीत निम्मी वाट निर्दोष ठरते. आम्हीही खातेवहीची पाने अशीच निम्मी निम्मी करून तपासत होतो.

कोकणात हवेहून मोठा शत्रू आहे पाणी. अर्धी रिकामी टाकी पावसाळाभर उभी राहिली की आतली दमट हवा पत्र्यावर घाम धरते. डिझेल पाण्यापेक्षा हलके, म्हणून पाणी तळाशी बसते, नेमके जिथून नळी डिझेल ओढते तिथे. खाऱ्या हवेने पत्रा गंजतो. पाणी आणि डिझेल जिथे एकमेकांना टेकतात त्या सीमेवर बुरशी आणि जिवाणू वाढतात आणि काळसर, बुळबुळीत साय धरते. नवा फिल्टर महिन्याभरात पुन्हा तुंबला, तर फिल्टर बदलत बसू नये, टाकी उतरवून धुवावी. वेलदूर-असगोलीच्या मच्छीमारांना हे शिकवावे लागत नाही. भर समुद्रात इंजिन बंद पडले तर ढकलायला माणसे मिळत नाहीत, म्हणून फिल्टरच्या तळातले पाणी सोडणे हा त्यांच्या नित्यकर्माचा भाग असतो. मोटारीच्या फिल्टरलाही बहुधा तळाशी तसाच स्क्रू असतो. निघालेले डिझेल काचेच्या बरणीत तासभर ठेवले की पाणी तळाला स्पष्ट दिसते. आणि गाडी दीर्घकाळ उभी करायची असेल तर टाकी भरून ठेवावी. हवेला जागाच उरत नाही.

पंपावर भेसळीचा संशय आला तर भांडण्यापेक्षा घनता मोजून मागावी. त्या दिवशीची घनता पंपावर लिहिलेली असते आणि ती ताडून पाहण्याचा ग्राहकाला हक्क आहे. रॉकेल मिसळलेले डिझेल पेटते, पण त्याचा चिकटपणा कमी असतो आणि पंपाला पुरेसे वंगण मिळत नाही. नुकसान आज दिसत नाही, वर्षाने दिसते. चुकून पेट्रोल भरले गेले तर किल्लीच फिरवू नये. गाडी ढकलून बाजूला घ्यावी आणि टाकी रिकामी करावी.

इथवरचे सारे जुन्या गाड्यांना लागू. नव्या कॉमन रेल गाड्यांत मात्र हात आवरावा. जुन्या नोझलला वातावरणाच्या शे-दीडशे ते अडीचशे पट दाब पुरत असे. नव्यात तो सोळाशे पट आणि त्याहूनही वर जातो. जुन्या गाडीत नोझलची नळी ढिली करून हवा काढत, आवाजावरून निकामी सिलिंडर ओळखत. नव्या गाडीत असे कधीही करू नये. त्या दाबाची केसाएवढी धार कातडी भेदून आत जाते. बाहेर टाचणीच्या टोकाएवढी खूण दिसते, दुखतही नाही, आणि काही तासांत आतले मांस सडू लागते. अशी जखम झाली तर वाट न पाहता शल्यचिकित्सक गाठावा.

नव्या गाडीला स्कॅनर लावला की पडद्यावर ‘रेलमधला दाब कमी’ असे काहीतरी उमटते आणि लगेच हजारो रुपयांच्या पंपाचा अंदाजखर्च हाती पडतो. पण कमी दाब हे लक्षण आहे. फिल्टर तुंबल्याने दाब कमी होतो, हवा शिरल्याने होतो, एखादा इंजेक्टर परतीच्या नळीत जास्त डिझेल सोडत असेल तरी होतो. या शेवटच्यासाठी प्रत्येक इंजेक्टरच्या परतीला छोटी बाटली लावून कुठली लवकर भरते ते पाहतात. तेव्हा अंदाजखर्चावर सही करण्यापूर्वी नम्रपणे विचारावे, “फिल्टर पाहिला का? परतीची चाचणी केली का?” नुसत्या या दोन प्रश्नांनी पुष्कळदा खर्चाचा आकडा उतरतो.

२२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठी आणि शिव नद्यांचे पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरले, तेव्हा शेकडो गाड्या बुडाल्या. पूर ओसरल्यावरचा पहिला मोह असतो तो किल्ली फिरवून पाहण्याचा. सिलिंडरमध्ये पाणी असताना इंजिन फिरवले तर पाणी दाबले जात नाही आणि आतला दांडा वाकतो. नेहमीच्या विमा पॉलिसीत हे नुकसान सहसा धरत नाहीत. बुडालेल्या गाडीची आधी बॅटरी सोडवावी, मग टाकी, फिल्टर, नळ्या सगळे रिकामे करून धुवावे, आणि इंजिन फिरवण्याचे काम जाणत्या माणसावर सोपवावे.

यंत्र धड आहे, पण इंधन पोहोचत नाही, ही व्यथा आमच्या तालुक्याला नवी नाही. अंजनवेलचा प्रचंड वीजप्रकल्प १९९९ साली नाफ्त्यावर सुरू झाला, २००१ साली पैशांच्या वादात बंद पडला, २००५ मध्ये नव्या कंपनीकडे गेला, पुन्हा चालू झाला आणि २०१३ मध्ये गॅस मिळेना म्हणून त्याची चाके परत थांबली. एवढ्या अवाढव्य टर्बाइनला जे चुकले नाही, ते आपल्या दारातल्या गाडीला कसे चुकेल?

गुहागरहून चिपळूण सुमारे ४५ किलोमीटर आहे. डेरवणचे मोठे रुग्णालय त्याच्याही पुढे. मध्यरात्री कुणाच्या छातीत कळ आली, एखाद्या सुनेचे दिवस भरले, की दारातल्या गाडीची किंमत तिच्या कागदावरच्या किमतीवरून ठरत नाही. ती पहिल्या किल्लीला सुरू होते की नाही, एवढ्यावरच सगळे येऊन ठेपते. चाळीस वर्षे कर्जे देणाऱ्या माणसाची शेवटची सूचना म्हणून घ्या : गाडीच्या कप्प्यात एक छोटी वही ठेवा. डिझेल कधी आणि कुठे भरले, फिल्टर किती किलोमीटरला बदलला, पाणी कधी सोडले, धुराचा रंग कधी बदलला, याच्या तारीखवार नोंदी करा. मेस्त्री आला की आधी ती वही त्याच्या हातात द्या, मग चहा. आणि ज्यांच्या गाड्या आत्ता ताडपत्रीखाली आहेत, त्यांनी चतुर्थीची वाट पाहू नये. आजच, जेवणापूर्वी, फिल्टरच्या तळाखाली एक बरणी धरून तो स्क्रू उघडावा.